विषाणूने निवडलेली जागा

पुणे, गुरुवार, रात्र

आज एम.एस्सी.च्या तासाला एचआयव्ही आणि मानवी गुणसूत्र यांचा सांधा पडद्यावर दाखवला. विषाणूचा डीएनए ए, सी, जी, टी या चार अक्षरांच्या लिपीतील सी-ए या दोन अक्षरांवर संपतो आणि लगेच पुढच्या अक्षरापासून माणूस सुरू होतो. मुळात त्या टोकाला सी-ए-जी-टी असते. इंटिग्रेज हे विषाणूचे विकर त्यातील जी-टी छाटते, उरलेले टोक आपल्या डीएनएत जोडते आणि राहिलेल्या फटी आपलीच पेशी बुजवते, त्यामुळे विषाणूच्या दोन्ही बाजूंना माणसाची तीच 5 अक्षरे उमटतात. आपल्या पेशीने स्वतःच्या हाताने परक्याला घरात कायमचे घेतल्याची ही खूण आहे, आणि ती पाहताना मी दरवेळी अस्वस्थ होतो.

एका विद्यार्थिनीने विचारले की, विषाणू कुठेही शिरतो का. तसे नाही. मानवी जनुकसंचाचा मसुदा 2001 मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर पुढच्याच वर्षी फ्रेडरिक बुशमन या शास्त्रज्ञाच्या गटाने दाखवून दिले की, एचआयव्हीला कामात असलेल्या जनुकांचा अंतर्भाग मानवतो. एलईडीजीएफ हे आपलेच प्रथिन इंटिग्रेजला धरून तिथवर नेते. उंदरांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, करणारा एचआयव्हीच्याच कुळातील रेट्रोव्हायरस मात्र जनुकांच्या आरंभाजवळ बसतो, कारण त्याचे वाटाडे बीईटी गटातील प्रथिने आहेत.

हा फरक केवळ अभ्यासकांपुरता राहिला नाही. पॅरिसमध्ये जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर याच उंदरांच्या विषाणूपासून बनवलेल्या वाहकाने, म्हणजे निरोगी जनुक पेशीत पोहोचवणाऱ्या साधनाने, जनुकोपचार झाले. मुले बरी होऊ लागली. पण वाहक एलएमओ2 या जनुकाशेजारी बसून ते जागे झाल्याने त्यांतील काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. आजचे वाहक शेजारच्या जनुकाला चेतवू नयेत अशा बेताने घडवले जातात, त्यामागे त्या मुलांनी सोसलेले आहे, आणि हा भाग शिकवताना मी घाई करीत नाही.

औषधाविना विषाणू काबूत ठेवणाऱ्या मोजक्या व्यक्तींविषयीचा 2020 मधील अभ्यास मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांच्या पेशींतील शाबूत विषाणू बरेचदा जनुकविरळ, निद्रिस्त भागांत अडकलेले आढळले. विषाणू मुद्दाम तिथे गेले असे मला वाटत नाही. बोलक्या जागी बसलेल्यांना प्रतिकारशक्तीने वर्षानुवर्षे हेरून मारले आणि मुके तेवढे उरले, हेच स्पष्टीकरण मला अधिक पटते. तसे असेल, तर रक्तात विषाणू किती आहे याच्या जोडीला तो कुठे बसला आहे हेही तपासायला हवे. भारतात प्रामुख्याने एचआयव्हीचा सी उपप्रकार आढळतो, आणि भोसरीत 1992 पासून एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. आपल्याकडच्या रुग्णांच्या पेशींतील या जागा माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी शोधाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे.