किनाऱ्याने गोव्याकडे : पहिला दिवस, भाऊचा धक्का ते हरिहरेश्वर

मुंबईहून गोव्याला महामार्गाने न जाता समुद्राचा हात न सोडता जायचे, हे माझे आणि माझ्या मित्राचे कॉलेजापासूनचे ठरलेले होते. या डिसेंबरात त्याला सहा दिवसांची रजा मिळाली आणि आम्ही त्याची गाडी घेऊन निघालो. पहिल्या दिवसाचा पल्ला जेमतेम दीडशे किलोमीटरचा होता. घरच्यांना तो फारच थोडा वाटला, पण या रस्त्यावर दिवस किलोमीटरवर नाही, तर बोटीच्या वेळेवर आणि भरती-ओहोटीवर बेतावा लागतो. हे आम्हाला अर्धे निघण्यापूर्वी ठाऊक होते आणि उरलेले अर्धे संध्याकाळी कळले.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. गाडीसकट तासाभरात पलीकडे उतरता येते आणि पेण-वडखळमार्गे शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा वाचतो. तिकीट आधीच काढून ठेवावे आणि शनिवार-रविवार टाळावा. आम्ही मधल्या वारी सकाळची फेरी धरली. डेकवर उभे राहून शहर मागे सरकताना पाहिले, तेव्हाच खरा प्रवास सुरू झाल्यासारखे वाटले.

अलिबागेत थांबलो ते केवळ पोहे खाण्यासाठी आणि पेट्रोलची टाकी पूर्ण भरण्यासाठी. पुढे पंप आहेत, पण मनासारख्या अंतरावर नाहीत. थोडी रोख रक्कमही इथेच काढून घ्यावी, कारण पुढच्या लहान गावांत मोबाइलला रेंज नसली की फोनवरून पैसे देता येत नाहीत. रेवदंड्याच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडली की उजवीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. पोर्तुगीज इथून १७४० साली गेले, तरी त्यांच्या भाषेतून घडलेली एक बोली कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत अजून घराघरांत बोलली जाते. विहिरीपाशी दोन आजीबाई त्या बोलीत बोलत होत्या आणि आम्हाला रस्ता सांगताना त्यांनी सहज मराठी धरली. किल्ला पाहायचा असेल तर त्यासाठी वेगळा दीड-दोन तासांचा वेळ ठेवावा. काशीदला आम्ही फक्त पाय भिजवले.

मुरूडला जंजिरा पाहण्याचा मोह होतो, पण पहिल्या दिवशी तो आवरावा असे माझे स्पष्ट मत आहे. राजपुरीहून होडीने जाऊन किल्ला पाहून परत येण्यात अर्धा दिवस सहज जातो, आणि तो किल्ला घाईत पाहण्याचा नाही. आम्ही सरळ आगरदांड्याला गेलो. तिथून खाडीपलीकडे दिघीला जाणाऱ्या जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीवर, आम्हाला गाडी मागे घेत चढवावी लागली. मित्राच्या कपाळावर घाम आला होता, पण बोटीवरचा खलाशी हाताने इशारे करत, “येऊ द्या, येऊ द्या, दादा, अजून हातभर,” असे शांतपणे सांगत राहिला आणि गाडी बरोबर जागेवर बसली. उलटी गाडी घेण्याची सवय नसलेल्याने हा भाग जोडीदाराकडे सोपवावा. सगळ्या प्रवासात अशा आणखी तीन खाड्या लागतात : बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड.

जेवणासाठी दिवेआगर गाठले. इथल्या घरगुती खानावळींत आयत्या वेळी जेवण मिळेलच असे नाही. सकाळी फोन करून माणसे किती आणि उकडीचे मोदक हवेत का, हे कळवावे लागते. आम्ही अलिबागेहून कळवले होते, म्हणून गरम मोदक आणि सोलकढी मिळाली. जेवणानंतर रूपनारायणाच्या देवळात गेलो. काळ्या पाषाणाच्या त्या शिलाहारकालीन मूर्तीच्या प्रभावळीत दशावतार कोरलेले आहेत. गाभाऱ्यातल्या अंधाराला डोळे सरावेपर्यंत उभे राहिले तर एकेक अवतार हळूहळू ओळखू येतो. सुवर्णगणेशाकडे जाणारे पुष्कळ जण हे देऊळ न पाहताच परततात, याचे मला वाईट वाटते.

दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना आतला रस्ता न घेता शेखाडीचा किनाऱ्यालगतचा रस्ता घ्यावा. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली खडकांवर फुटणारे पाणी, असा हा संपूर्ण दिवसातला सर्वांत सुंदर टप्पा आहे. श्रीवर्धनच्या एका अंगणात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातल्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. अंगणातल्या काकांनी वाडीतली नवी रोपे दाखवली आणि जुन्या पोफळी कुठे उभ्या होत्या, ते एकेक जागेवर बोट ठेवून सांगितले. आम्ही तिथे ठरवल्यापेक्षा बराच वेळ थांबलो आणि त्याची मला खंत नाही.

हरिहरेश्वरला पोहोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. देवळामागे कातळाच्या फटीतून पायऱ्या उतरून समुद्राकाठच्या जाळीदार खडकांवरून प्रदक्षिणा करायची, याच ओढीने मी दिवसभर घड्याळ पाहत होतो. पण पायऱ्यांच्या टोकाशी लाटा आदळत होत्या. देवळापाशी बसलेल्या एका आजोबांनी विचारले, “आज तिथी कोणती?” आम्हाला सांगता आली नाही. ती वद्य पंचमी होती. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्यांनी समजावला : पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पाणी चढलेले असताना या खडकांवर मुळीच उतरू नये. इथे माणसे वाहून गेलेली आहेत.

रात्री खोलीवर मित्राने वहीत पुढच्या पाच दिवसांच्या तिथी लिहून काढल्या आणि प्रत्येकीसमोर भरतीची वेळ मांडली. षष्ठीपुढे साडेचार आले, म्हणजे ओहोटी सकाळी साडेदहाच्या सुमारास. त्यामुळे बागमांडल्याची पहिली फेरी सोडून द्यायची, नऊला प्रदक्षिणेला निघायचे आणि दुपारच्या आत खाडी ओलांडायची, असे ठरवून आम्ही दिवा मालवला.