काटक्यांचा अंगरखा

"कसला भारी ड्रेस! फॅन्सी ड्रेसचा ना?" अमेरिकी कलाकार निक केव्हच्या साउंडसूटचा, म्हणजे हलल्यावर आवाज करणाऱ्या, अंगभर झाकणाऱ्या पोशाखाचा, फोटो बघून मैत्रीण आज म्हणाली. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

१९९१ मध्ये लॉस एंजलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारलं. शिकागोत शिकवणारा निक केव्ह, स्वतःही कृष्णवर्णीय, त्या धक्क्यात बागेत बसला होता. खाली पडलेल्या, कुणालाच नको असलेल्या काटक्या त्यानं गोळा केल्या. तुकडे केले, भोकं पाडली, एकेक करून कपड्यावर जोडल्या. अंगात घालून हलला, तर सळसळ आवाज!

आत कोण आहे, काळा की गोरा, बाई की पुरुष, काही कळत नाही. पुढे मणी, बटणं, जुन्या वस्तू वापरून त्यानं असे ५०० हून अधिक केले. मला मात्र तो पहिलाच सोडवत नाही. स्वतःचं अंग झाकल्यावरच सुरक्षित वाटावं, अशी वेळ माणसावर का यावी?