अडीच सुताचा बोल्ट आणि आठ मिलिमीटरची जबरदस्ती

जुनी मोटारसायकल गंजाने संपते, असा एक सार्वत्रिक समज आहे. नाशिकमध्ये स्वतःच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये बसून अनेक वर्षे जुन्या गाड्या उघडल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, गंजापेक्षा जास्त नुकसान तिचे आजवर झालेल्या दुरुस्त्यांनी केलेले असते. गंज डोळ्यांना दिसतो, ब्रशने घासला की तो कुठवर गेला आहे हे कळते आणि त्यावर इलाज करता येतो. परंतु चाळीस-पन्नास वर्षांत ज्या ज्या हातांनी त्या गाडीला पाना लावला, त्यांपैकी कोणी ‘चालतंय ना, मग झालं’ म्हणत काय ठोकून बसवले, काय घासून बारीक केले आणि कुठे काय भरून बुजवले, हे इंजिन पूर्ण उघडेपर्यंत समजत नाही. घरी काम करणाऱ्याचा बहुतेक वेळ आणि जवळपास सगळा संताप या आधीच्या दुरुस्त्या उलगडण्यातच खर्च होतो.

माझ्याकडे सत्तरच्या दशकातली एक बुलेट ३५० आणि एक येझदी २५० आहे. बुलेटचे आधी सांगतो, कारण तिच्यातला प्रश्न अगदी मुळाशी, म्हणजे आट्यांशी (बोल्ट-नटांवरच्या पेचदार खाचांशी) आहे. १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडियाची सुरुवात झाली तेव्हा इंग्लंडमधल्या रेडिच येथील मूळ कंपनीच्या आराखड्यांबरोबर इंची मापेही इकडे आली. आपल्या देशाने मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली केला, तरी या गाडीच्या अंगात व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकल थ्रेड असे ब्रिटिश आटे पुढे बराच काळ राहिले. या पान्यांवरचे आकडेही आजच्या माणसाला गोंधळात टाकणारे आहेत. ज्या पान्यावर ‘पाव इंच व्हिटवर्थ’ असे कोरलेले असते, त्याचे तोंड पाव इंच नसून सुमारे १३.३ मिलिमीटर असते, कारण तो आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा आहे. साहजिकच १३ चा पाना त्या नटावर बसत नाही आणि १४ चा बसतो तो सैल बसतो. घाईत असलेला माणूस १४ चा लावतो, नटाचे सहाही कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी त्याच नटावर छिन्नी चालते.

यापेक्षा वाईट प्रकार बोल्टच्या बाबतीत होतो. पाच सोळांश इंची, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत अडीच सुताचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा असतो आणि बाजारात कुठेही मिळणारा मेट्रिक बोल्ट ८ मिलिमीटरचा. फरक इतका बारीक आहे की हाताने पहिले एक-दोन फेरे बसतातसुद्धा. पण बीएसएफमध्ये इंचाला २२ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर साधारण १.१५ मिलिमीटर, तर ८ च्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टला ते १.२५ मिलिमीटर असते. शिवाय ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि मेट्रिकचा ६० अंशांचा. त्यामुळे थोड्या फेऱ्यांनंतर बोल्ट अडतो. तिथे थांबून विचार करण्याऐवजी लांब दांड्याचा पाना घालून तो पुढे रेटला, की पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमचे आटे कापत जातो आणि त्या क्षणी तो घट्ट बसल्यासारखाही वाटतो. माझ्या बुलेटच्या क्रँककेसमधला (इंजिनाचा मुख्य दांडा ज्यात फिरतो त्या पेटीतला) असा एक बोल्ट मी उलटा फिरवला तेव्हा त्याच्या अंगावर मूळ आटे पातळ, चकचकीत वेटोळ्यांच्या रूपात गुंडाळून बाहेर आले. छिद्राच्या तळाशी सुती दोऱ्याचे तुकडे होते आणि त्यांच्यावर कडक झालेला एम-सीलचा थर होता. याचा अर्थ, मेट्रिक बोल्ट ठोकण्याच्या आधीही कोणी तरी तिथे एकदा दोरा गुंडाळून वेळ मारून नेली होती.

असे छिद्र नीट करायचे तर ते मोठे करून त्यात हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावे लागते आणि त्यासाठी त्याच आट्याचा टॅप (छिद्रात आटे पाडण्याचे हत्यार) लागतो. रविवार कारंजा आणि मेन रोडच्या परिसरात मेट्रिक टॅप मागाल तो मिळतो. बीएसएफचे नाव काढले की दुकानदार ८ चाच पुढे करतात. अखेर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून हत्यारे मागवावी लागली. याची खंत अधिक वाटते, कारण सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे हे शहर लेथ, ग्राइंडिंग आणि मायक्रोमीटरवर जगणारे आहे. मोटारींच्या आणि डिझेल इंजिनांच्या भागांची सूक्ष्म मापाची कामे इथे रोज होतात. परंतु हजारोंच्या लॉटमध्ये काम करणाऱ्या वर्कशॉपला एका माणसाचा एक ब्राँझ बुश करून देणे परवडत नाही, आणि त्यात त्यांचा दोष आहे असेही मी म्हणणार नाही. मशीनवर सेटिंग लावण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात त्यांचे नेहमीचे कितीतरी भाग निघतात. रविवारी मशीन रिकामे असताना आपुलकीने असे काम करून देणारे टर्नर मला भेटले आहेत आणि त्यांच्यामुळेच माझी गाडी आज उभी आहे.

आता सुट्या भागांविषयी. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद झाला. जावा हे नाव २०१८ साली आणि येझदी हे नाव २०२२ साली नव्याने बाजारात आले, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत आणि त्यांचा एकही इंजिनाचा भाग जुन्या टू-स्ट्रोकला चालत नाही. म्हणून जुन्या येझदीसाठी दोनच मार्ग उरतात: कुठल्या तरी बंद दुकानाच्या माळ्यावर राहिलेला मूळ भाग किंवा नव्याने बनवलेली नक्कल. नकलेला माझा तत्त्वतः विरोध नाही. ती नसती तर निम्म्या गाड्या भंगारात गेल्या असत्या. माझी तक्रार अशी आहे की, या नकला मूळ भागासारख्या दिसाव्यात म्हणून जेवढे कष्ट घेतले जातात, तेवढे त्या मापाला बरोबर याव्यात म्हणून घेतले जात नाहीत. खोका जुन्या धाटणीचा असतो, अक्षरे जुन्या वळणाची असतात आणि आतली पिस्टन रिंग सिलिंडरमध्ये घालून फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) लावला तर टोकांमधली फट जवळजवळ नसते. ढोबळ नियमाने बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) दर २५ मिलिमीटरला ०.१ मिलिमीटर फट हवी, म्हणजे येझदीच्या ६५ मिलिमीटरच्या बोअरला साधारण पाव मिलिमीटर. फट नसलेली रिंग तापून फुगली की तिची टोके एकमेकांना भिडतात आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे उमटतात. गाडी ‘सीझ’ झाली की मात्र दोष चालवणाऱ्याला दिला जातो.

क्रँकच्या ऑइल सीलचे उदाहरण तर प्रत्येक टू-स्ट्रोकवाल्याने समजून घ्यावे असे आहे. या इंजिनात क्रँककेस स्वतःच पंपाचे काम करते, त्यामुळे ती हवाबंद असणे ही पहिली अट आहे. येझदीच्या डाव्या बाजूला, प्रायमरी चेनकडे सील गेले तर तिथले ऑइल आत ओढले जाते आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघतो. ते निदान सोपे आहे. उजव्या, डायनॅमोच्या बाजूचे सील गेले तर आत हवा शिरते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग आपोआप चढते आणि इंजिन भाजून निघते, पण बाहेरून काहीही दिसत नाही. मग कार्बोरेटर उघडला जातो, जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बदलले जाते, पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) घासले जातात, टायमिंग हलवले जाते आणि जे जे भाग ठीक होते ते सगळे बिघडवून झाल्यावरही मूळ दोष जागच्या जागी राहतो. साध्या रबराचे स्वस्त सील इंजिनाच्या उष्णतेने लवकरच कडक होते आणि त्याची कड शाफ्टवर टेकेनाशी होते. नवा सील टाकला म्हणजे तो प्रश्न मिटला असे गृहीत धरून पुढचे दोष शोधणाऱ्याची फार मोठी दिशाभूल होते.

भद्रकालीत एक वयोवृद्ध मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. बुलेट थंड असताना एका किकमध्ये सुरू व्हायची आणि गरम झाली की मिसिंग करून बंद पडायची, तेव्हा मी पॉइंट, कॉइल, प्लग आणि कंडेन्सर (ठिणगी जोरदार ठेवणारा, पॉइंटला जोडलेला छोटा भाग) असे सगळे नवीन टाकून त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी पॉइंटची फट पाहिली, ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मधोमध होती. ठिणगी पाहिली, ती पिवळट होती. मग त्यांनी मला विचारले, ‘‘साहेब, पार्ट नवा आहे म्हणजे तो बरोबर आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं?’’ त्यांच्याकडे बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात जुन्या गाड्यांतून काढून ठेवलेले कंडेन्सर होते. त्यांतला एक लावला, ठिणगी निळी झाली आणि गाडी त्र्यंबकेश्वरला जाऊन आली तरी थांबली नाही. गरम झाल्यावर आतून दगा देणारे नवे कंडेन्सर ही आज या छंदातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत छळणारी गोष्ट आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

पेट्रोलचाही उल्लेख करायला हवा. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले आणि आता तेच सर्वत्र मिळते. उसाला व मक्याला मागणी यावी आणि तेलाची आयात घटावी, हा हेतू मला मान्य आहे. परंतु ज्या गाड्या इथेनॉलचा विचार न करता घडवल्या गेल्या, त्यांच्या बाबतीत काय करायचे हे त्यांच्या मालकांना कोणीही नीट सांगितलेले नाही. इथेनॉल हवेतली ओल शोषते. नाशिकच्या पावसाळ्यात गाडी काही आठवडे उभी राहिली की पाणी खेचून घेतलेले इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसू शकते आणि तिथूनच आतला पत्रा गंजायला लागू शकतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, पेट्रोल कॉकमधले सील बिघडते. शिवाय शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळण्यासाठी हवेचे १४.७ भाग लागतात, तर इथेनॉलला ९ च पुरतात. त्यामुळे जुन्याच जेटवर चालणाऱ्या इंजिनाला मिश्रण पातळ पडते. टू-स्ट्रोकच्या बाबतीत पातळ मिश्रण म्हणजे वाढलेले तापमान, आणि त्यातच उजवे सील गळत असेल तर पुढे काय होते ते वर लिहिलेच आहे. मी मेन जेट एक नंबर वाढवले आहे, नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या आहेत आणि जूनमध्ये टाकी रिकामी करून ठेवतो.

बदल करण्याविषयीही, म्हणजे ज्याला सगळे मॉडिफिकेशन म्हणतात त्याविषयी, माझे मत स्पष्ट आहे. बदल एकटा कधीच येत नाही. जुन्या येझदीचा ६ व्होल्टचा डायनॅमो ४५ वॉटचा असतो. आजचा साधा एच-४ हॅलोजन बल्बच ६०/५५ वॉटचा आहे. म्हणून रात्री नीट दिसावे एवढ्या साध्या इच्छेसाठी १२ व्होल्टवर जायचे ठरवले, तर बॅटरी, हॉर्न, इग्निशन कॉइल, सगळे बल्ब आणि वीज तयार करणारी व्यवस्थाच बदलावी लागते. हे सगळे करायला माझी हरकत नाही, मात्र ते पूर्ण करावे आणि काय केले ते लिहून ठेवावे. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने निम्मे काम करून सोडले होते आणि हेडलाइटच्या डब्यापासून टेललाइटपर्यंत संपूर्ण वायरिंग एकाच लाल रंगाच्या वायरने केले होते. कोणती वायर कुठून कुठे जाते हे शोधताना मीटरच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला माझी पुतणी, असे आम्ही पार्किंगमध्ये बसलेले असायचो. शेवटी ते सगळे काढून टाकून रंगांच्या मूळ तक्त्याप्रमाणे नवे वायरिंग केले.

कायद्याची बाजूही याच मुद्द्याला जोडून आहे. निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. तिचे शुल्क पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये आहे आणि ती मिळाल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मूळ स्वरूपाची अट मला योग्य वाटते. पण मूळ मापाचे भागच बाजारात नसतील, तर ती अट पाळण्याची सगळी जबाबदारी पार्किंगमध्ये बसलेल्या माणसावर येते, आणि तीही भाग बनवणाऱ्यांवर कोणतेही बंधन नसताना.

म्हणून माझी मागणी साधी आहे. भाग बनवणाऱ्यांनी पाकिटावर चित्राऐवजी माप छापावे: सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी आणि रबराचा प्रकार, रिंगवर बोअरचे माप, बोल्टवर आट्याचा प्रकार. यासाठी नवे मशीन लागत नाही, दोन ओळींची शाई लागते. ते होईपर्यंत मी दुकानात जाताना व्हर्नियर बरोबर नेतो आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच पाकीट उघडून माप घेतो. काही दुकानदारांना ते आवडत नाही आणि ते तसे बोलूनही दाखवतात. तेव्हा मी माप न घेतलेला भाग तिथेच ठेवून पुढच्या दुकानात जातो.