रंगपट्टीचा शून्य कुठे ठेवावा?

चौरस जालकावर, म्हणजे समान अंतरावरच्या बिंदूंच्या जाळीवर, फिरणाऱ्या एका क्वांटम कणाचे सिम्युलेशन करताना जागेनुसार बदलणाऱ्या विभवाचे, म्हणजे कणाच्या स्थितिज ऊर्जेचे, रंगीत चित्र मी सर्वांत शेवटी, आणि खरे सांगायचे तर फारसा विचार न करता काढत असे. या सवयीमुळे माझे दोन दिवस वाया गेले.

जालक १०१ × १०१ बिंदूंचे होते. शेजारच्या बिंदूवर उडी मारण्याची, म्हणजे हॉपिंगची ऊर्जा १ धरली होती आणि विभव केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाला ०.००५ ने गुणून येणारा, साध्या वाडग्यासारखा होता. मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१७ च्या २.० आवृत्तीपासून मुळातच येणाऱ्या विरिडिस रंगक्रमात वाडग्याचा तळ जांभळा आणि कडा पिवळ्या दिसत होत्या. केंद्रापासून ४५ बिंदू उजवीकडे मी एक स्थिर तरंगपुंज, म्हणजे एका जागेभोवती एकवटलेला कण, ठेवला. तो घरंगळत तळाशी जाईल, अशी माझी खात्री होती. पण तो दहाएक बिंदू आत येऊन परत कडेला जाऊ लागला. मी कालपायरी लहान केली, सीमा तपासल्या, हॉपिंगचे चिन्ह पुन्हा पाहिले. चूक कुठेच नव्हती.

मोकळ्या अवकाशात गतिज ऊर्जेला वरची मर्यादा नसते, जालकावर मात्र असते. द्विमितीय चौरस जालकाचा ऊर्जापट्टा, म्हणजे कणाला शक्य असलेल्या ऊर्जांचा पल्ला, स्थानिक विभवाच्या ४ खालपासून ४ वरपर्यंतच पसरतो. त्यामुळे विभव हळूहळू बदलत असेल, तर कणाला जसा उंच डोंगर वर्ज्य असतो तसाच खोल खड्डाही वर्ज्य ठरतो. ‘खोल म्हणजे आकर्षक’ हे विरिडिस पाहून डोळ्यांनी परस्पर ठरवले होते.

विभवात सर्वत्र सारखाच स्थिरांक मिळवला तरी भौतिकी बदलत नाही. म्हणजे रंगाचा शून्य कुठे ठेवायचा, हे आपल्या हातात असते. मी तो कणाच्या एकूण ऊर्जेवर ठेवला. विभव तेवढाच असेल तिथे पांढरा, जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा, आणि फरक बरोबर ४ झाला की दोन्ही रंग पूर्ण गडद. सुटण्याच्या जागी विभव १०.१२५ आणि स्थिर कण पट्ट्याच्या तळाशी असल्याने त्याची ऊर्जा ४ ने कमी, म्हणजे ६.१२५, म्हणून तरंगपुंज गडद लाल कडेवर बसला. केंद्राभोवती सुमारे २०.६ त्रिज्येची गडद निळी तबकडी उमटली आणि तिच्यात कण का शिरत नाही, हे एका दृष्टिक्षेपात कळले.

तरीही कण फिकट निळ्या भागातही शिरला नाही. तो ३५ व्या बिंदूजवळ, म्हणजे नेमका पांढऱ्या वर्तुळावरून परतत होता. हा विभव आडव्या आणि उभ्या दिशांच्या दोन स्वतंत्र भागांत वेगळा करता येतो, त्यामुळे उभ्या दिशेची ऊर्जा तिकडेच अडकून राहते आणि आडव्या गतीच्या वाट्याला ८ ऐवजी ४ रुंदीचाच पट्टा येतो. गडद रंग मनाई दाखवतो. फिकट रंग प्रवेशाची हमी देत नाही.

चित्र गुळगुळीत करण्याचा मोह मात्र टाळावा. दोन जालकबिंदूंच्या मध्ये विभव नसतोच, त्यामुळे मधले रंग सॉफ्टवेअरने रचलेले असतात. संभाव्यतेची घनता दाखवायला मी आता रंग वापरत नाही. प्रत्येक चौकोनावर एक काळा ठिपका काढतो आणि त्याचे क्षेत्रफळ घनतेच्या प्रमाणात ठेवतो.