अकरा किलोमीटर आठशे चाळीस मीटर

मी ऑप्टिकल फायबर जोडण्याचे काम करतो. या कामात खड्डा चुकीच्या जागी खणला जाणे नवीन नाही; पण गेल्या ऑगस्टमध्ये साताऱ्याहून कोरेगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आम्ही उसाच्या दोन सऱ्या मोडून जो खड्डा घेतला, तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्या दिवशी बिघाडाचे अंतर सांगणारा आमचा मीटर खोटे बोलला नव्हता.

तक्रार अशी होती की एक लिंक तीन दिवस चालू-बंद होत आहे. कार्यालयातल्या तंत्रज्ञाने 1310 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर तपासून ‘फायबर ओके’ असा शेरा मारला होता. लिंक मात्र 1550 वर चालत होती. ज्या रंगाच्या प्रकाशावर लिंक चालते त्याच रंगावर तपासावे, हे आमच्याकडे नव्या मुलालाही पहिल्या आठवड्यात सांगतात, पण खुर्चीवर बसलेल्यांना कोण सांगणार? मी दोन्हींवर तपासले. 1310 वर मीटरच्या आलेखात एका ठिकाणी 0.3 डीबीची (डेसिबल, म्हणजे प्रकाश किती घटला त्याचे माप) किरकोळ पायरी दिसत होती आणि त्याच ठिकाणी 1550 वर 3.5 डीबी, म्हणजे निम्म्याहून अधिक प्रकाश गायब होता.

असा फरक दिसला की फायबर तुटलेला नसून कुठेतरी दुमडलेला आहे, हे ओळखावे. काचेचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा असतो आणि त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश आत किती मंदावतो तो आकडा, भोवतीच्या काचेपेक्षा अगदी थोडा जास्त असतो. तेवढ्याच आधारावर प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने आत कोंडलेला राहतो. लांब तरंगलांबीचा प्रकाश गाभ्याबाहेर अधिक पसरून चालतो, त्यामुळे वळण तीव्र झाले की तोच आधी निसटतो. गंमत अशी की सरळ फायबरमध्ये हाच 1550 चा प्रकाश कमी विखुरतो आणि लांबपर्यंत टिकतो. आकाश निळे दिसण्यामागेही हेच विखुरणे आहे. तरंगलांबी वाढली की ते झपाट्याने घटते.

मीटर याच विखुरण्यावर चालतो. तो प्रकाशाचा एक ठोका आत सोडतो आणि काचेतून मागे फिरलेला अंधुक प्रकाश किती वेळाने परत येतो ते पाहतो. आमच्या बिघाडाचे अंतर त्याने 11.84 किलोमीटर दाखवले. त्या जागी पाण्याच्या पाइपलाइनसाठी जेसीबी फिरल्याच्या ताज्या खुणा होत्या. एवढे पाहिल्यावर मला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही.

शेताच्या मालकीणबाई, सत्तरीच्या आजी, बांधावर बसून पाहत होत्या. त्यांनी विचारले, “ह्या वायरीतनं जातं तरी काय?”

“उजेड, आजी.”

“उजेड हाय म्हन्तोस, मग दिसंना का रं?”

तो अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, उलट त्याच्या टोकात डोकावले तर डोळा अधू होऊ शकतो, हे मी त्यांना जमेल तसे समजावले. तेवढ्यात केबल उघडी पडली. तिला ओरखडासुद्धा नव्हता.

मग मी मीटरची सेटिंग उघडली. अपवर्तनांक 1.5000 ठेवलेला होता. आमच्या केबलला 1.4680 लागतो. मीटर प्रत्यक्षात वेळ मोजतो, आणि त्याने मोजलेले 118.5 मायक्रोसेकंद अगदी बरोबर होते. त्या वेळाचे अंतर करताना त्याने प्रकाश खऱ्यापेक्षा हळू चालतो असे धरले, कारण त्याला तसे सांगितले होते. गणित सुधारल्यावर बिघाड 12.10 वर, म्हणजे सुमारे 260 मीटर पुढे गेला.

मला लागते ते पुढचे आहे. वाटेतला शेवटचा जॉइंट रजिस्टरमध्ये 10.20 वर नोंदलेला होता आणि मीटरवर तो 9.98 ला दिसत होता. हा फरक मी सकाळीच पाहिला होता. आमची रजिस्टरे कशी लिहिली जातात हे ठाऊक असल्याने मी मीटर खरा मानला आणि रजिस्टर खोटे. त्या जॉइंटपासून पुढे मोजले असते, तरी चूक चाळीस मीटरवर आली असती.

12.10 च्या आसपास रस्त्याकडेला एक चेंबर निघाले आणि त्यात रजिस्टरमध्ये नसलेला एक जॉइंट. क्लोजर, म्हणजे जॉइंटवरचा बंद डबा, उघडून मी त्या फायबरमध्ये तपासणीचा लाल लेझर सोडला. आत फायबर बसवायचा जो ट्रे असतो त्याच्या झाकणाखाली, खाचेतून निसटून चिमटलेल्या फायबरच्या वळणावर, गुंजेएवढा लाल ठिपका पेटला. कुणीतरी रात्रीच्या घाईत झाकण दाबून बसवले होते. टेप गुंडाळायच्या पद्धतीवरून हात कुणाचा ते मी ओळखले. माणूस कामाचा चांगला आहे, म्हणून नाव घेत नाही. फायबर सोडवून, मोठे वळण देऊन खाचेत बसवला, तेव्हा दोन्ही तरंगलांबींवर 0.05 डीबी आले. या सगळ्याला वीस मिनिटेही लागली नाहीत आणि कुदळ लागलीच नाही.

आजी मागोमाग चालत आल्या होत्या. क्लोजर बंद करण्याआधी मी त्यांना तो ठिपका दाखवायला गेलो, पण फायबर सरळ झाला होता आणि ठिपका विझला होता.

उसाच्या भरपाईचा अर्ज मीच लिहून दिला. त्यावर ‘खोदकामाचे कारण’ असा रकाना होता. तिथे मी ‘अपवर्तनांक’ लिहिले, तर अर्ज कारण स्पष्ट नाही म्हणून परत आला. आता दुसऱ्यांदा पाठवला आहे.