टायटल ब्लॉकमधली आद्याक्षरं

आर्किटेक्चर किंवा इंजिनिअरिंगच्या ऑफिसात बायका किती, असं विचारलं की एचआरकडून एकच आकडा मिळतो. त्यात रिसेप्शन आणि अकाउंट्सही धरलेलं असतं. तो बाजूला ठेवून ड्रॉइंग रजिस्टर, म्हणजे सगळ्या नकाशांची नोंदवही, काढा. शीटवरच्या टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे माहितीच्या चौकटीत, ड्रॉन (कोणी काढलं), चेक्ड (कोणी तपासलं), अप्रूव्ड (कोणी मंजूर केलं) असे रकाने असतात. कोणाच्या हाती कुठलं काम आहे, ते तिथल्या आद्याक्षरांतून दिसतं.

मोजणी अशी करा. मागच्या तीन वर्षांतली, बांधकामासाठी साइटवर गेलेली ड्रॉइंग्जच घ्या. एका शीटची सात रिव्हिजन्स असली तर शेवटचंच धरा. आर्किटेक्चर, स्ट्रक्चर आणि सर्व्हिसेस (वीज, पाणी वगैरे) वेगवेगळे मोजा. पाच जणांच्या टीमची टक्केवारी काढू नका, नुसते आकडे लिहा. एक चूक मात्र हमखास होते: जुनी फाइल कॉपी करून नवं शीट बनवलं की अप्रूव्डमध्ये जुनीच आद्याक्षरं राहतात. म्हणून सही झालेल्या प्रतीशी ताडून बघा.

ड्रॉनमध्ये बायकांची नावं भरपूर आणि चेक्डपासून पुढे एकदम विरळ, असं दिसलं तर आधी साइटच्या नेमणुका तपासा. बीम-कॉलमच्या जोडावर सळ्यांची इतकी गर्दी होते की काँक्रीट नीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आत जात नाही. हे डोळ्यांनी पाहिलेली व्यक्ती ड्रॉइंग तपासताना तिथेच थांबते. 'तिला त्रास नको' म्हणून साइटवर न पाठवलेल्या इंजिनिअरला ही नजर मिळत नाही, आणि नंतर 'साइटचा अनुभव नाही' म्हणून तिचंच प्रमोशन अडतं. काळजीच्या नावाखाली होणारं हे नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं.

साइटवरच्या अडचणी सुटण्यासारख्या आहेत. हार्नेस, म्हणजे उंचीवर काम करताना अंगाला बांधायचे सुरक्षा पट्टे, मोठा असेल तर पाठीवरची डी-रिंग (दोर अडकवायची कडी) खांद्याच्या दोन पात्यांच्या मधे राहत नाही आणि छातीचा पट्टा गळ्याकडे सरकतो. पडताना हेच जिवावर बेतू शकतं. मांडीच्या पट्ट्याखाली सपाट हात जावा, मूठ जाऊ नये. मोठ्या बुटात दोन मोजे घालणं हा उपाय नव्हे. लहान मापाचे बूट, हातमोजे आणि हार्नेस ती रुजू व्हायच्या आधी मागवा. टॉयलेटला आतून कडी, पाणी, दिवा आणि झाकणाचा डबा हवा, आणि ते कामाच्या जवळ हवं. काम चौदाव्या मजल्यावर, टॉयलेट तळाला आणि होइस्टला (साइटवरच्या लिफ्टला) रांग, अशी स्थिती असली की बायका पाणी पिणंच कमी करतात. उन्हात ते धोक्याचं आहे.

नाव गाळलं जाणं मोठ्या पातळीवरही होतं. १९७९ला सुरू झालेलं आर्किटेक्चरचं प्रिट्झकर पारितोषिक एका स्त्रीला, झाहा हदीद यांना, मिळायला २००४ उजाडलं. १९९१मध्ये ते एकट्या रॉबर्ट व्हेंचुरींना दिलं गेलं. त्यांच्या बरोबरीच्या भागीदार डेनिस स्कॉट ब्राउन यांचं नाव त्यात नव्हतं. ते घालावं अशी मागणी २०१३मध्ये झाली, ती फेटाळली गेली.

चेक्डचा रकाना उघडायचा असेल तर ड्रॉनमधल्या इंजिनिअरला दहा शीट्स तपासायला द्या. लाल पेनाच्या खुणा तिच्या, त्यावर दुसरी नजर सीनियरची. सुटलेल्या चुका तिच्याशेजारी बसून दाखवा. अकराव्या शीटपासून चेक्डमध्ये तिची आद्याक्षरं घाला.