माप, पॅटर्न आणि फोमचे चिलखत : आमची वाटचाल

आमच्या कार्यशाळेच्या भिंतीवर एक काळपट चिलखत टांगलेले आहे. २०१६ साली आम्ही तयार केलेले ते पहिले चिलखत असून, ज्या तरुणासाठी ते केले त्याच्या अंगात ते कधीच गेले नाही. नवीन गिऱ्हाईक आले की त्याची नजर प्रथम त्या चिलखतावर जाते आणि ‘हे केवढ्याला?’ या प्रश्नाला ‘ते विकायचे नाही’ एवढेच उत्तर आम्ही देतो. आमच्या व्यवसायाची सुरुवात त्या फसलेल्या मापापासून झाली, म्हणून ही हकिगतही तेथूनच सांगतो.

त्यापूर्वी अकरा वर्षे मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये कामाला होतो. ओतकामात साचा उठवण्यासाठी जो लाकडी नमुना करतात त्याला पॅटर्न म्हणतात. वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, त्यामुळे एक मीटर लांबीचा नग हवा असेल तर त्याचा पॅटर्न १० मिलिमीटर जास्त लांब करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्न मेकर मुळातच वाढीव अंतराच्या खुणा असलेली वेगळी पट्टी वापरतो. माझ्या मावसभावाची मंगळवार पेठेत ड्रेपरी होती. शाळांची स्नेहसंमेलने आणि हौशी नाटके यांना राजे, मावळे आणि देवदेवता यांचे पोशाख भाड्याने देणे हा त्याचा धंदा. त्याच्याकडे चिलखते दोन जातींची होती. पत्र्याच्या चिलखताच्या कडा काखेत कापत आणि पावसाळ्यानंतर त्यांना गंज चढे. कागदाच्या लगद्याचे चिलखत हलके असे, पण एका हंगामात त्याचे कोपरे फुटत. ज्या शहरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली आणि भालजी पेंढारकरांनी ऐतिहासिक चित्रपट घडवले, तेथे पोशाखात खोट काढणारी नजर गल्लोगल्ली भेटते, हे मावसभावाला पुरते ठाऊक होते.

कोल्हापूरची तालीम मंडळे गणेशोत्सवात सजीव देखावे करतात, म्हणजे पुतळे न मांडता गल्लीतील मुलेच पोशाख घालून प्रसंग उभा करतात. त्या वर्षी एका तालमीने मावसभावाकडे सहा चिलखते मागितली आणि त्याच्याकडे धड अवस्थेत तीनच होती. चपलांच्या सोलसाठी विकली जाणारी ईव्हीए या रबरासारख्या लवचिक प्लास्टिकच्या फोमची शीट मी बाजारात पाहिली होती. उरलेली तीन चिलखते त्या शीटची करून बघू, असे मी सुचवले. हातात तीन आठवडे होते आणि फोममधले ज्ञान शून्य होते.

शिंप्याच्या फितीने त्या तरुणाच्या छातीचा घेर ९६ सेंटिमीटर भरला. मी तेवढाच पुठ्ठा कापला, त्यावरून १० मिलिमीटर जाडीचा फोम कापला, जोडला, रंगवला आणि घालून पाहायला दिला, तर पाठीचे पट्टे एकमेकांना भेटेनात. जाड फोम अंगाभोवती वळवला की त्याची आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते आणि जाडीच्या मधोमध असलेल्या रेषेचीच लांबी कायम राहते. ही मधली रेषा शरीरापासून चहूबाजूंनी ५ मिलिमीटर बाहेर असते, त्यामुळे घेरात सुमारे ३१ मिलिमीटरची भर घालावी लागते. त्यातच चिलखताखाली एक सेंटिमीटर जाडीचा भरदार अंगरखा होता, त्याचे आणखी ६३ मिलिमीटर धरायला हवे होते. एकूण जवळजवळ साडेनऊ सेंटिमीटर मी खाऊन टाकले होते. अकरा वर्षे रोज वाढीव पट्टीने मोजणाऱ्या माणसाने ही भर विसरावी, याबद्दल मावसभाऊ मला अजूनही टोमणे मारतो आणि मला ते मुकाट्याने ऐकून घ्यावे लागतात.

उरलेली चिलखते आम्ही माप सुधारून वेळेत दिली. त्या आठवड्यात एक गोष्ट मनात पक्की बसली की फोम कापणे आणि रंगवणे कोणालाही चार दिवसांत जमेल, मात्र अंगावरचा आकार सपाट कागदावर उतरवणे हे या धंद्याचे मूळ आहे. त्यानंतर आम्ही फितीवर विसंबून राहणे सोडले. ज्याच्यासाठी चिलखत करायचे, त्याला अंगरखा घालून उभे करतो, त्यावर स्वयंपाकघरात वापरतात ती चिकटणारी पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळतो आणि तिच्यावर मास्किंग टेपचे दोन थर देतो. मग मार्करने छातीची मध्यरेषा, बगल, कंबर आणि सांध्यांच्या रेषा आखून हे कवच जपून कापून काढतो. टेबलावर ते सपाट बसत नाही, तेथे शिंपी टक घालतो त्याप्रमाणे चीर देऊन ते बसवावे लागते. प्रत्येक सांध्यावर दोन्ही तुकड्यांना जुळणाऱ्या आडव्या खुणा करतो, कारण वक्र कडा जोडताना खुणा नसतील तर शेवटी एक बाजू बोटभर उरतेच. नवशिक्याने फक्त अर्ध्या अंगाचा पॅटर्न काढावा आणि दुसरी बाजू तोच उलटा ठेवून कापावी. माणसाची दोन्ही अंगे तंतोतंत सारखी नसली तरी चिलखताची तशी दिसली पाहिजेत.

मालाबाबतही आम्ही ठेचा खाल्ल्या. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो मऊ, वाकणारा पांढरा पॅकिंगचा फोम बहुधा पॉलिइथिलीनचा असतो. तो स्वस्त मिळतो, पण त्याला आमचे चिकटवण धरत नाही. जमिनीवर अंथरायच्या, एकमेकांत अडकणाऱ्या चटया ईव्हीएच्या असतात आणि सरावासाठी त्या उत्तम, मात्र त्यांच्या एका बाजूची नक्षी आत जाईल याची काळजी घ्यावी लागते. छाती-पाठीला १० मिलिमीटर, दंड आणि मनगटाला ६, तर कडांच्या पट्ट्या आणि नक्षीला २ ते ४ मिलिमीटर, हा आमचा आजचा हिशेब आहे. कापताना पाते बोथट झाले की फोम कापला न जाता ओरबाडला जातो, म्हणून दर काही कापांनंतर पात्याला धार लावतो किंवा कटरचे टोक मोडतो. तिरक्या कडेसाठी कटरपेक्षा चपलेच्या कारागिराची रापी माझ्या हाताला जास्त बसली. दोन तुकड्यांच्या कडा ४५ अंशांत उतरवून जोडल्या की काटकोनी धार उभी राहते.

चिकटवण्याची विद्या तर आम्ही सरळ चपलांच्या कारागिरांकडूनच घेतली. अस्सल कोल्हापुरी चप्पल चामड्याच्या वादीने शिवतात, पण आजचा कारागीर इतर कामांसाठी रबराचे सोल्यूशन वापरतोच. मी घाईने दोन्ही कडांना सोल्यूशन लावून लगेच दाबत असे आणि रात्रीतून सांधे उकलत. एका वयस्क कारागिराने ते पाहून सांगितले, “अहो, ओलं असताना दाबलं तर धरत न्हाई. बोट लावून बघा. बोटाला चिकटायचं थांबलं, की मग चिकटवा.” दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा, दहा-पंधरा मिनिटे वाळू द्यायचे आणि मग एकदाच अचूक जागी टेकवायचे, कारण त्यानंतर तुकडा सरकवता येत नाही. या सोल्यूशनमधील द्रावकांच्या वाफा डोक्यात जातात. बंद खोलीत काम करून पहिल्या वर्षी आम्ही दोघेही संध्याकाळी डोके धरून बसत होतो. आता समोरासमोरच्या खिडक्या उघड्या आणि तोंडावर रासायनिक वाफा शोषणारा मास्क असल्याशिवाय डबा उघडला जात नाही. पॉलिश पेपरने घासताना उडणारी फोमची धूळही तितकीच त्रासदायक असते. मोठ्या आवडीने आलेल्या शिकाऊ मुलांना मास्कचा कंटाळा येतो, तेथे मात्र आम्ही ऐकून घेत नाही.

आकार देण्याचे काम हीट गनचे, म्हणजे कडक गरम हवा सोडणाऱ्या यंत्राचे. तिचा झोत सतत फिरता ठेवला की फोमचा मंद पृष्ठभाग किंचित चकाकतो. त्याची वरची छिद्रे मिटली आणि तो वळवण्याजोगा मऊ झाला, याची ती खूण असते. मग तो गुडघ्यावर किंवा चेंडूवर दाबून थंड होईपर्यंत धरायचा. हीच उष्णता पुढे उलटही फिरू शकते, हे आम्हाला एका मे महिन्यात समजले. पुण्याला जाणाऱ्या बंद टेम्पोत भर दुपारी रचून ठेवलेले खांद्यांचे घुमट पोहोचेपर्यंत पुष्कळसे सपाट झाले होते आणि तेथे नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला उभे राहून हीट गनने त्यांना पुन्हा उभे करावे लागले.

रंगाची फजिती पावसाने केली. सुरुवातीला रंगाखाली अस्तर म्हणून आम्ही लाकडाचा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून देत असू. मिरवणुकीत तीन तास सर झेलल्यावर तो अस्तराचा थर दुधाळ आणि चिकट झाला आणि मावळ्यांच्या छातीवरची चांदी अंगरख्याला लागली. गोंदाचा त्यात दोष नव्हता, आम्ही त्याला भलत्या ठिकाणी वापरले होते. आता पाण्याला दाद न देणाऱ्या लवचिक रबरी लेपाचे तीन-चार पातळ हात देतो, त्यावर काळा रंग, आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशने रुपेरी रंग फक्त उंचवट्यांवर घासतो, म्हणजे खाचांत काळे राहून धातूचा भास होतो. लोखंडी छटेसाठी मात्र माझी जुनी नोकरी उपयोगी पडली. फाउंड्रीत साच्यावर लेप देण्यासाठी ग्राफाइट वापरतात. त्याची भुकटी काळ्या पृष्ठभागावर फडक्याने चोळली की बिडासारखी थंड, करडी झाक येते, जी कोणत्याही डब्यातील रंगाने मला आजवर साधलेली नाही. वरून पारदर्शक लेप दिला नाही, तर तीच भुकटी कपड्यांवर उतरते.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ४३ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५५ फुटांवर गेली, तेव्हा शुक्रवार पेठेतील आमच्या भाड्याच्या गाळ्यात छताजवळ पाणी होते. आठवड्याने कुलूप काढले, तर फोमच्या शीट तरंगत वर जाऊन माळ्याच्या कडेवर विसावल्या होत्या. ईव्हीएची छिद्रे बंद असतात, ती पाणी पीत नाहीत. चिखल धुतल्यावर बहुतेक शीट कामाला आल्या आणि तयार चिलखतांचे सांधेही टिकले. गेले ते पुठ्ठ्याचे पॅटर्न. तीन वर्षांत जमवलेले चाळीसहून अधिक संच एका काळ्या लगद्यात मिसळले होते, आणि आमचे भांडवल नेमके कशात आहे हे त्या लगद्याकडे पाहताना पहिल्यांदा कळले. पुन्हा मापे घेण्यात सहा महिने गेले. तेव्हापासून आम्ही पॅटर्न जुन्या फ्लेक्सवर कापतो. तो कुजत नाही, फाटत नाही, गुंडाळून ठेवता येतो आणि कोल्हापुरात त्याचा तुटवडा पडण्याची भीती नाही. एका पाठीच्या पॅटर्नवर कोण्या भावी नगरसेवकाचे हसरे डोळे आहेत, ते आम्ही मुद्दाम तसेच ठेवले. जुलै २०२१मध्ये पाणी पुन्हा आले, त्या वेळी पॅटर्नच्या गुंडाळ्या सर्वांत आधी वरच्या मजल्यावर गेल्या.

मधल्या २०२० साली उत्सव साधेपणाने झाले आणि मागणी थांबली. त्या रिकाम्या महिन्यांत फोनवरून विचारणा येऊ लागली, ती मुख्यतः कॉस्प्ले करणाऱ्या, म्हणजे आवडत्या काल्पनिक पात्रांचे पोशाख करून घालणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींची. त्यांना तयार चिलखत नको होते, स्वतः करून पाहायचे होते. त्यातून आमचा रविवारचा वर्ग सुरू झाला. पहिल्याच दिवशी खांद्यांवर पंख आणि छातीवर दिवे असलेले चिलखत करण्याची बहुतेकांची इच्छा असते. आम्ही त्यांना चार-आईना करायला लावतो. छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांवरच्या चार पाट्या पट्ट्यांनी जोडून हे जुने कवच बनत असे, आणि नवशिक्याला याहून चांगला धडा नाही: पाट्या जवळजवळ सपाट, वळण थोडे, आणि माप चुकले तरी पट्टा सैल करून निभावते. बगलेचा काप मात्र सांभाळावा लागतो. ढाल ही त्यापुढची पायरी. खऱ्या ढालीवरची चार फुले शोभेला येत असली तरी हातात धरायच्या कड्या त्यांच्याच मागे ठोकलेल्या असतात, हे समजल्यावर मुले ती कुठेही चिकटवत नाहीत.

तयार झालेले प्रत्येक चिलखत घालून मांडी घालून बसणे, जमिनीवरचे नाणे उचलणे आणि दोन्ही हात डोक्यावर नेणे एवढे जमले, तरच ते आमच्याकडून बाहेर जाते. आरशासमोर सगळीच चिलखते देखणी दिसतात; देखाव्याच्या ट्रॉलीवर तीन तास उभा राहणारा मुलगा काय म्हणतो, ते आम्ही महत्त्वाचे मानतो. काही कामे आम्ही नाकारतो. मर्दानी खेळाच्या, म्हणजे तलवार-दांडपट्ट्याच्या सरावासाठी संरक्षक म्हणून फोमचे चिलखत मागणाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की हा पोशाख आहे, शस्त्राचा घाव तो अडवणार नाही. पेटत्या मशाली असलेल्या देखाव्यासाठी काम घेताना मशाल धरणाऱ्याच्या अंगावर फोम नसेल अशी अट घालतो, कारण ईव्हीए पेट घेते.

आज आम्ही दोघे, दोन कारागीर आणि हंगामापुरते येणारे तीन-चार विद्यार्थी असे काम करतो. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने, त्यापाठोपाठ १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि मग गणेशोत्सव-दसरा, असे आमचे वर्ष फिरते. भिंतीवरचे ते पहिले चिलखत दर हिवाळ्यात एका शाळेत जाऊन येते. तेथील नववीतल्या एखाद्या मुलाला ते साडेनऊ सेंटिमीटर कमी माप बरोबर बसते. गणेशोत्सवासाठीची मापे मात्र आम्ही आषाढ संपायच्या आत घेतो, कारण श्रावणातील दमट हवेत लेपाचा एकेक हात वाळायला दोन-दोन दिवस लागतात.